रिकाम्या बेडचा ओव्हर

आमच्या इनचार्ज सिस्टरला रिकाम्या बेडचाही ओव्हर लागायचा. नर्सिंगमधल्या बाईला हे सांगितलं तर ती आधी हसेल, मग हळूच विचारेल, "खरंच?" बाकीच्यांना ओव्हर म्हणजे काय इथपासून सांगायला हवं. एकीची ड्युटी संपते, दुसरीची सुरू होते. जाणारी सिस्टर येणारीला घेऊन प्रत्येक पेशंटच्या बेडपाशी जाते आणि त्याचं सगळं तिला सांगते. ताप किती होता, सलाईन कुठवर आलंय, लघवी झाली का, सकाळी बायकोशी का भांडला. याला आमच्यात ओव्हर देणं म्हणतात. येणारीने "घेतला" म्हटलं की वॉर्ड तिचा. ती तसं म्हणेपर्यंत जाणारीने घराला आग लागली तरी हलायचं नाही.

आता ज्या बेडवर पेशंटच नाही त्याचं काय सांगणार, कपाळ? म्हणून मी पहिल्याच आठवड्यात टेबलापाशी उभी राहून म्हणाले, "आणि सात नंबर रिकामा."

सिस्टर चालता चालता थांबली. "कोण म्हणतं?"

"रिकामाच आहे, सिस्टर. सकाळी डिस्चार्ज झाला."

"तू गेलीस तिथे? उभी राहिलीस? हात लावलास? उंटावरून शेळ्या हाकू नकोस. जागेवर चल, बघ आणि मग बोल."

सात नंबर वॉर्डच्या अगदी टोकाला, खांबाच्या आड होता. खिडकी लांब, ऊन तिथे कधीच पोचायचं नाही. सिस्टरने चादर ओढून सरळ केली. मग झोपलेल्या माणसाची छाती जिथे येईल तिथे आपला अख्खा तळवा गादीवर ठेवला आणि भिंतीकडे बघत उभी राहिली. वॉर्डात दुपारच्या जेवणाच्या ताटांचा आवाज चालला होता, तोही मला लांबून आल्यासारखा वाटला. मग ती म्हणाली, "थंड. रिकामा. आता बोल."

"थंड. रिकामा," मी म्हटलं, तेव्हा कुठे ती "घेतला" म्हणाली. परत येताना ती चवड्यांवर चालत होती, कोणी झोपमोड होऊन उठेल म्हणून चालतात तशी. आमच्यापैकी कोणी मागे वळून बघितलं नाही.

आमचं हॉस्पिटल उल्हासनगरात, फर्निचरवाल्यांच्या गल्लीच्या तोंडाशी. फिनाईलच्या वासात पॉलिशचा वास कायमचा मिसळलेला. पेशंट शहाडपासून बदलापूरपर्यंतचे. सिंधी म्हाताऱ्या सिस्टरला "दादी" म्हणायच्या. त्यांच्यात मोठ्या बहिणीला दादी म्हणतात हे आम्हाला उशिरा कळलं, तोवर आम्हाला वाटायचं बिचारीला उगाच आजी करून टाकतात. त्यांच्या घरून येणारे पापड तिला फार आवडायचे. ओव्हर देऊन झाला की ती खुर्चीत बसून एक पापड कुडुमकुडुम खायची आणि मगच घरी जायची. पापडाचा आवाज आला की समजायचं, बाई आता माणसांत आली.

एरवी तिचा आवाज म्हणून यायचा नाही. सगळ्या सिस्टर कधीच्या पँट-टॉपवर आल्या होत्या, ही एकटी पांढऱ्या साडीत. उंच, काटकुळी, केसाला चप्प तेल. पायात रबरी सोलचे पांढरे बूट. तुम्ही सुई शोधत असाल, मोबाईल बघत असाल, एकदम मानेपाशी शब्द यायचे, "पोरी, अकराचं अँटिबायोटिक?" एकदा माझ्या हातातला ट्रे खाली पडला. "देवा! केवढं घाबरवता हो सिस्टर!" तर म्हणते कशी, "मी तर केव्हाची उभी आहे."

कॉलेजच्या मुली पोस्टिंगला आल्या की ती त्यांना रांगेत उभं करायची आणि आधी त्यांचे पाय बघायची. कोणाच्या फॅशनच्या पातळ सपाता दिसल्या की संपलंच. "पहिला पगार झाला की मोबाईल घेऊ नका, बूट घ्या. डोकं नंतर येतं, पाय आधी जातात. पाय गेले की नर्सिंग गेलं." मुली खुसुखुसू हसायच्या. मीही हसले होते. आज माझ्या टाचा दुखतात तेव्हा ते हसू आठवतं.

तिचे सल्ले असेच असायचे, कधी चहा पिताना, कधी बेडपॅन धुताना, मागितलेले नसताना. "पहिली नोकरी जुन्या सिस्टर असतील तिथे करा, मग पगार कमी का असेना. सगळ्या नव्या असतील तिथून पळा, तिथे चूक झाली तर चूक आहे हेच कोणाला कळत नाही." किंवा, "नातेवाइकाला वाईट बातमी सांगायची तर बसून सांगायची. उभ्याने सांगितलेलं लोक जन्मभर विसरत नाहीत." पेशंटला हात लावण्याआधी ती तळवे एकमेकांवर घासून गरम करायची. तेच आम्हालाही करायला लावायची. "गार हात लागला की माणसाला वाटतं, आपलं काही खरं नाही." आणि रडण्याबद्दल तिचा कायदाच होता. "रडायचं तर लिनन रूममध्ये. चादरींमध्ये आवाज जिरतो. पण डोळे धुऊन बाहेर यायचं. पेशंट आपल्या डोळ्यांत स्वतःचं काय होणार ते बघत असतो."

सगळ्यात जास्त चिडायची ती "बघते" या शब्दावर. पेशंटने हाक मारली आणि आम्ही सवयीने "हो, बघते" म्हणालो की तिच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. "बघते म्हणजे काय? सिनेमा आहे? येते म्हणायचं. आणि एकदा येते म्हटलं की यायचं. येणार नसाल तर तोंड उघडायचं नाही."

आमच्यातल्या दोघी जर्मन शिकत होत्या, हल्ली सगळ्याच शिकतात. तिने अडवलं नाही. उलट म्हणाली, "जा. जर्मनीला जा, दुबईला जा, चार पैसे कमवा, आईबापाला स्लॅबचं घर बांधा. फक्त ओव्हर देऊन जा. अर्धा वॉर्ड डोक्यात घेऊन विमानात बसलात तर तिकडे झोप लागायची नाही."

सात नंबरच्या गोष्टी अर्थातच होत्या. हॉस्पिटल म्हटलं की गोष्टी असतात. वॉर्डातल्या मावशी म्हणायच्या, फार पूर्वी एक बाई पेशंटला भेटायला आली, चक्कर आली म्हणून सात नंबरवर आडवी झाली आणि सिस्टरने टेबलावरून "सात रिकामा" असा ओव्हर दिला, संध्याकाळी बघतात तर बाई गेलेली. वॉर्डबॉयच्या गोष्टीत बाईऐवजी म्हातारा होता. रिसेप्शनवरचा म्हणायचा, सिस्टरचा नवराच. मी धीर करून एकदा विचारलं. ती पापड खात होती. "असलं काही झालेलं नाही. नवराच नव्हता तर मरेल कुठून? लोकांना प्रत्येक गोष्टीला गोष्ट लागते."

"मग सिस्टर, तिथे भूत..."

"गप. आमच्या आजोबांनी घरातले देव वालधुनी नदीच्या पाण्यात सोडले. दीक्षा घेतलेलं घर आहे आमचं. देव नाही मानला तिथे भूत काय मानणार?"

"मग हात कशाला लावता?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी ढ विद्यार्थिनी आहे. "पेशंट आहे का बघायला."

एका दुपारी तिने सात नंबरवर हात ठेवला आणि "थंड" म्हणाली नाही. हात तसाच राहिला. मग ती वाकून, आजारी माणसाला पांघरूण घालावं तशी, चादर वरपर्यंत ओढून घेऊन म्हणाली, "गरम आहे. आज इथे पेशंट देऊ नका." मी हसले नाही. वॉर्डात कोणीच हसलं नाही. पण खाली ॲडमिशन खोळंबली होती. ट्रस्टी शेठ स्वतः वर आले. "सिस्टर, बेड खाली है, पेशंट स्ट्रेचरपे है, क्या नाटक है ये?" सिस्टर म्हणाली, "शेठ, खाली नहीं है." शेठने बेडकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि रुमालाने कपाळ पुसलं. तरी पेशंट दिलाच. शहाडचा एक तरुण मुलगा, डेंग्यूचा. त्याचं बीपी घ्यायला जाताना दर वेळी वाटायचं, आता काहीतरी होणार.

काही झालं नाही. पोरगा दोन दिवस सफरचंदं खाऊन टुणटुणीत घरी गेला. मला एवढं बरं वाटलं की मी सिस्टरला चिडवायलाच गेले. "बघा सिस्टर! काही झालं का?"

"मी कुठे म्हटलं होतं काही होईल?" ती शांतपणे म्हणाली. "मी म्हटलं देऊ नका. आधीच कोणीतरी होतं. एका बेडवर दोघांना झोपवायचं का?"

डिस्चार्जच्या वेळी त्या पोराने मला एक विचारलं होतं, ते मी तिला सांगितलं नाही. तो म्हणाला होता, "सिस्टर, बेड मोठा नाही मिळणार का? मला सारखं कडेलाच झोपावं लागतं."

मग करोना आला. त्या दिवसांबद्दल मी जास्त बोलत नाही. सात नंबर तेव्हा रिकामा राहिलाच नाही, कुठलाच बेड राहिला नाही. नातेवाईक खाली रस्त्यावर, माणसं वर आमच्या हातात. बॉडी बांधली की दुसरा पेशंट दारात. सिस्टर तेव्हाही किटच्या आत घामाने भिजून प्रत्येक बेडपाशी ओव्हर द्यायची. फक्त एक नवीन सुरू झालं होतं. कोणी गेलं की ती त्याच्या कानाशी वाकून काहीतरी बोलायची, बराच वेळ. किटमुळे काही ऐकू यायचं नाही.

ते सगळं ओसरलं आणि वॉर्ड रिकामा पडायला लागला. अशाच एका दुपारी मला जाग्यावर जाऊन ओव्हर द्यायचा होता. सिस्टर मागे उभी. मी सात नंबरची चादर सरळ केली, सवयीने तळवा ठेवला.

गादी गरम होती. कोपऱ्यात, खांबाआड, एसीच्या गारव्यात. आत्ताच कोणी उठून बाथरूमला गेलं असावं इतकी गरम. नुसती गरम असती तर म्हटलं असतं, मावशी बसली असेल टेकून. पण माझ्या हाताखाली ती किंचित वर आली आणि खाली गेली.

"थंड," मी म्हटलं. "रिकामा."

सिस्टर "घेतला" म्हणाली आणि टेबलाकडे वळली. पुढच्याच महिन्यात मी राजीनामा दिला. एका विमा कंपनीच्या ऑफिसात नर्सिंगवाल्या मुली घेत होत्या, हॉस्पिटलची बिलं तपासायला. एसी, कॉम्प्युटर, शनिवार-रविवार सुट्टी. आई तर इतकी खूश झाली की कुलदैवताला नारळ फोडून आली. आम्ही बदलापूरच्या पलीकडच्या गावचे. भाताची शेती गेली, वडील अंबरनाथला कारखान्यात लागले, तेव्हापासून अंबरनाथ पश्चिमेला राहतो. पण आईचं मन गावातच. "बाय माझी, त्या सावलीतून सुटलीस," म्हणाली आणि माझ्या कपाळाला अंगारा लावला.

सिस्टरला सांगायला गेले तेव्हा ती लिननच्या घड्या मोजत होती. रागावेल वाटलं होतं. ती म्हणाली, "दुसरं चांगलं मिळालं म्हणून जात असशील तर जा, पोरी. भीती वाटली म्हणून जाऊ नकोस. भीतीला नोटीस पिरियड नसतो, ती त्याच दिवशी तुझ्याबरोबर निघते." मग घडी खाली ठेवून तिने सरळ विचारलं, "गरम होतं ना?"

मी एक घडी उचलून मोजायला लागले. तिनेही पुन्हा विचारलं नाही.

ती म्हणाली ते अगदी शब्दशः खरं झालं. ऑफिसात कोणी रजेवर असलं की येता-जाता माझा तळवा त्याच्या रिकाम्या खुर्चीवर टेकायचा. मैत्रिणी विचारायच्या, "काय गं, धूळ बघतेस?" मी हो म्हणायचे. बिलं तपासताना एखादा पेशंट दगावला असं दिसलं की मनात यायचं, याचा ओव्हर कोणी घेतला असेल? पगार चांगला होता, पाठ दुखत नव्हती, आणि मला झोप लागत नव्हती. काय सांगू, मी स्वतःवरच चिडायचे. सुखातला जीव दुःखात घालायचा कशाला?

अशी काही वर्षं गेली. सिस्टर रिटायर झाल्याचं कळलं, भेटायला मात्र गेले नाही. मग एका सकाळी ऑफिसात फोन आला. पलीकडे एक बाई, रडून आवाज बसलेला. "मी तुमच्या इनचार्ज सिस्टरांची भाची. बदलापूरच्या कात्रपहून बोलतेय. आत्याच्या किडन्या गेल्यात. डायलिसिस नको म्हणाली. डॉक्टर म्हणाले होते दोन दिवस, पण ती जातच नाहीये हो. खात नाही, झोपत नाही, नुसती दाराकडे बघते आणि विचारते, रिलिव्हर आली का?"

रिलिव्हर म्हणजे पुढच्या ड्युटीची सिस्टर.

"मी म्हटलं, मी आहे ना आत्या, मी घेते. तर म्हणाली, तू बँकेत आहेस. मग घरी नर्स ठेवली. ती आल्या आल्या खुर्चीत बसली, तर आत्याने तिला हाकललं. काल तुमचं नाव घेतलं. म्हणाली, ती अंबरनाथची पोरगी, जिच्या हाताला गरम लागलं होतं, तिला बोलवा."

तर तिला सगळं माहीत होतं, तेव्हापासून.

मी "बघते" म्हणणार होते. शब्द ओठावर आला आणि तिथेच अडकला. "येते," मी म्हटलं.

कात्रपला भर दुपारी पोचले. बिल्डिंगच्या आवारात शाळेच्या व्हॅनमधून मुलं उतरत होती, दंगा चालला होता. दुसऱ्या मजल्यावरच्या घरात शिरले आणि तो दंगा बंदच झाला. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली पाण्याचा ग्लास. पलंगावर सिस्टर एवढीशी झाली होती. भाचीने कानाशी सांगितलं, "सकाळपासून बूट मागत होती, शेवटी घातले," आणि मला पलंगाच्या पायथ्याकडे बघायला लावलं. चादरीवरच तिच्या पायांत पांढरे रबरी बूट घातलेले होते. नाड्या नीट बांधलेल्या.

मी आधी हात धुतले, तळवे घासून गरम केले आणि तिचा हात धरला. तिने डोळे उघडले. "उशीर केलास."

"हो सिस्टर."

"एक नंबर," ती म्हणाली. एवढंच. सुरूच केलं तिने. "शहाडचे काका. दमा. दोन उश्या लागतात, तिसरी दिलीस तर चिडतात. मुलाचं नाव काढायचं नाही."

मला ते काका आठवले. माझ्यासमोर गेले होते, माझ्या पहिल्या वर्षात. उश्या मीच काढल्या होत्या.

"दोन. कॅम्प चारची सिंधी दादी. शुगर. गूळ मागते, द्यायचा नाही. डबीचा वास द्यायचा, तेवढ्यावर झोपते. तीन. बदलापूरची बाळंतीण. बाळ कसं आहे विचारते. बरं आहे म्हणायचं, ते खरंच बरं आहे, शाळेत जातं."

आवाज अगदी ड्युटीवरचा, सपाट, स्पष्ट. सगळे आमच्या वॉर्डात गेलेले. करोनातले तर एकामागून एक आले, ज्यांना मी घाईघाईने बांधलं होतं, ज्यांचे चेहरेसुद्धा मला धड दिसले नव्हते. तिला प्रत्येकाचं माहीत होतं. कोणाला अंधाराची भीती, कोणाला डाव्या कुशीवर झोपायचं, कोणी आईला हाक मारतो. भ्रमात माणूस असं बोलत नाही. भाची दारात पदर तोंडाशी धरून उभी होती. मला जाणवत होतं की त्या एवढ्याशा खोलीत आता दाटी झाली आहे. मी पलंगाच्या कडेला सरकून बसले. का सरकले, मला आजही सांगता येणार नाही.

"यांचं कोणी काही घेतलं नाही, पोरी," ती म्हणाली. "माणूस गेला की सगळे रडतात, सह्या होतात, बेड पुसतात. ओव्हर कोण घेतं? म्हणून मी ठेवला माझ्याकडे. आता मला जायचंय. दमले मी."

"मग द्या ना मला."

"उगाच घेतला म्हणू नको. मला कळतं. ओव्हर घेतला म्हणजे वॉर्ड तुझा. येशील? का परत त्या खुर्चीवर बसशील?"

पंखा फिरत होता. डोळ्यांसमोर आई आली, अंगारा आला, शनिवार-रविवार आले. खरं सांगते, मला पळून जायचं होतं. सिस्टरचे डोळे माझ्यावरून हलत नव्हते आणि तिचा श्वास अडकत अडकत चालला होता. मी नाही म्हटलं असतं तरी ती मला काही बोलली नसती. तशीच दाराकडे बघत पडून राहिली असती, किती दिवस कोण जाणे. तिच्या बुटांकडे बघून मला रडू आलं. इथे लिनन रूम नव्हती.

"येते," मी म्हटलं. "खरंच येते, सिस्टर."

ती बघत राहिली. मग मान हलवली.

"आणि सात?" मी विचारलं.

तिने माझ्या हातातून हात सोडवला, तळवा उचलला आणि आपल्याच छातीवर ठेवला. भिंतीकडे बघत राहिली, नेहमीसारखी. "सात गरम आहे," म्हणाली. "लगेच कोणाला देऊ नको."

"घेतला."

"मग मी निघू?"

"निघा, सिस्टर."

तिने कूस बदलली. भाचीने चहाचं आधण ठेवलं होतं, ते उकळायच्या आत ती गेली. मी तिचं सगळं केलं. प्रत्येक गोष्ट आधी सांगून, गरम हातांनी. बूट काढताना मात्र नाडीची गाठ सुटेना. संध्याकाळी शेजारचे जमले, त्रिशरण झालं. तोवर खोली पुन्हा मोकळी वाटायला लागली होती.

मी ऑफिस सोडलं. आईने डोक्याला हात लावला, चार दिवस अबोला धरला. हॉस्पिटलमध्ये आता नवे शेठ आहेत, टाइल्स बदलल्यात, पलंग बटणावर वर-खाली होतात. सात नंबर मात्र खांबाआडच आहे. रुजू झाले त्या दिवशी दुपारी ओव्हर घेताना मी तिथे गेले. चादर सरळ केली, तळवा ठेवला.

गरम होता. मला भीती वाटली नाही. म्हणजे, वाटली, पण ती माहेरच्या माणसाची वाटते तशी. मी पांघरूण वर ओढलं आणि खाली कळवलं, सात देऊ नका, चाक बिघडलंय. मेंटेनन्सवाला येऊन चाक बघून गेला, म्हणाला चाक ठीक आहे. मी त्याला म्हटलं, तुला काय कळतं रे. डॉक्टर ओरडले. शेठने खुलासा मागितला. रोज दुपारी मी जायचे, हात ठेवायचे आणि दिवसभरातलं सगळं हळूच सांगून यायचे. कोण आलं, कोण बरं होऊन गेलं, कुठल्या स्टुडंटने पुन्हा पातळ सपाता घातल्या.

मग परवा. इव्हिनिंगची नवी मुलगी टेबलापाशी उभी राहून म्हणाली, "आणि सात तर रिकामाच असतो ना, सिस्टर."

"कोण म्हणतं? जागेवर चल."

ती खांबाआड गेली, मी मागे. तिने तोंड वाकडं करत गादीवर हात ठेवला. "थंड आहे," म्हणाली.

तिला बाजूला करून मी तळवा ठेवला. नुसती गादी होती, रेक्झिनची, एसीने गार पडलेली. मी हात उचलून पुन्हा ठेवला. जरा वर, जरा खाली. कुठेच काही नव्हतं.

"बोला ना सिस्टर," मुलगी म्हणाली.

"थंड," मी म्हटलं. "रिकामा. आजपासून पेशंट द्यायला सांग."

"घेतला," ती म्हणाली.

मी लिनन रूममध्ये गेले आणि दार लावून घेतलं. मग डोळे धुतले आणि बाहेर आले.